तळाचे ठसे, झाकणावरचा किल्ला : जुनी इंग्रजी चांदीची तपकिरीची डबी कशी पारखावी

चांदीची वस्तू हातात आली की आपण आधी वजन विचारतो. जुन्या इंग्रजी तपकिरीच्या डबीबाबत हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. कोटाच्या खिशात मावणारी डबी साधारण ७० ग्रॅमची धरली, तर ती झाली सहा तोळे. इंग्लंडची स्टर्लिंग चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध, म्हणजे त्या डबीत निव्वळ चांदी ६५ ग्रॅमपेक्षा किंचित कमी. मोडीच्या भावाने तिचे जे काही पैसे होतील, त्याच्या कितीतरी पट किंमत चांगल्या अवस्थेतल्या डबीला लंडन-बर्मिंगहॅमच्या लिलावात मिळते. दागिना विकायला नेला की सोनार घडणावळ धरत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे उलट आहे. दीड-दोनशे वर्षांनंतर किंमत उरली आहे ती जवळजवळ सगळी घडणावळीचीच.

म्हणून डबी पारखायची तर दोन गोष्टी जमायला हव्यात. तिच्यावरचे ठसे वाचता आले पाहिजेत, आणि ते ठसे त्याच डबीचे आहेत का, हे ओळखता आलं पाहिजे. पहिली गोष्ट ठशांचा तक्ता समोर ठेवून तासाभरात शिकता येते. दुसरीला डोळ्यांची आणि बोटांची सवय लागते, आणि फसवणूक होते ती नेहमी तिथेच.

या डब्या आल्या कुठून

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये दिवस काढून परतलेल्या दुसऱ्या चार्ल्सच्या दरबाराबरोबर तपकिरीची फॅशन इंग्लंडात आली. ती सामान्य माणसापर्यंत पोहोचली १७०२ नंतर. त्या वर्षी स्पेनच्या विगो उपसागरात इंग्रज आणि डच आरमाराने स्पॅनिश खजिन्याचा ताफा गाठला. त्या मोहिमेच्या लुटीत तपकिरीची पिंपंच्या पिंपं होती. इंग्लंडच्या बंदरांत हा माल स्वस्तात विकला गेला आणि चिमूटभर तपकीर ओढणं देशभर पसरलं. पुढे तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट तर इतकी तपकीर ओढायची, की तिला त्यावरून टोपणनावच पडलं होतं.

चांदीच्या डब्यांचा खरा बहर साधारण १७८० ते १८६०. त्यानंतर चिरूट आणि सिगारेटने तपकिरीची जागा घेतली. आज बाजारात जे दिसतं त्यातलं बहुतेक या ऐंशी वर्षांतलं आणि बहुतेक बर्मिंगहॅमचं असतं.

डबीची घडण तिच्या कामावरून ठरली. तपकीर ओलसर आणि सुवासिक राहायला हवी, खिशात सांडता कामा नये, आणि एका हाताने डबी धरून दुसऱ्या हाताने चिमूट घेता आली पाहिजे. म्हणून झाकण घट्ट बसणारं, मागे बिजागरी, पुढे अंगठ्याने उचलायला उंचवटा. आतून बहुधा सोन्याचा मुलामा, कारण ओलसर तंबाखूने उघडी चांदी लवकर काळवंडते. तळ पुष्कळदा किंचित वळवलेला असतो, म्हणजे खिशात डबी अंगालगत बसते. जेवणानंतर मेजावर सगळ्यांत फिरवायच्या डब्या वेगळ्या. त्या मोठ्या आणि जड, दोनशे ग्रॅमच्या आणि त्याहून पुढच्याही.

तपकिरीचीच आहे ना?

लहान चांदीच्या डब्या इंग्लंडात पन्नास कामांसाठी बनत. झाकणाखाली आणखी एक जाळीदार, नक्षीचं पातळ झाकण असेल, तर ती सुगंधी व्हिनेगरची डबी. त्यात भिजवलेला स्पंज ठेवत आणि रस्त्यातली दुर्गंधी किंवा भोवळ आली की नाकाशी धरत. तिच्या आतही सोन्याचा मुलामा असतो, त्यामुळे गोंधळ होतो. एखादी जाळी तुटून हरवली, की तीच डबी तपकिरीची म्हणून विकली जाते. ओळखायचं असेल तर आतल्या कडेला बारकाईने पाहा. जाळीच्या छोट्या बिजागरीच्या खुणा, झाळ दिलेली दोन-तीन टिंबं किंवा ती घासून काढल्याची जागा सापडते. त्या डब्या बहुतेक तपकिरीच्या डबीपेक्षा खूपच लहानही असतात.

बाजूला किंवा तळाला खरखरीत पट्टी असेल, तर ती काडेपेटीच्या काड्यांची डबी, आणि ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आत पोलादी किसणी असेल, तर जायफळाची. मोठी, लंबगोल आणि बिजागरीविना सुटं झाकण असलेली डबी तंबाखूची. हा प्रकार जुना. स्कॉटलंडमध्ये मेंढ्याच्या शिंगाला चांदीचं झाकण बसवून तपकीर ठेवत, ते प्रकरण आणखी निराळं आणि त्याचे संग्राहकही निराळे.

मग धातू. अठराव्या शतकाच्या चाळिशीत शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने तांब्यावर चांदीचा पत्रा चिकटवून लाटायची युक्ती काढली आणि त्या पत्र्याची बटणं आणि डब्या बनू लागल्या. १८४० पासून एल्किंग्टन या पेढीने विजेने मुलामा चढवायची रीत बाजारात आणली. दोन्हींत झिजलेल्या कोपऱ्यांवर खालचा धातू डोकावतो; शेफील्डच्या कामात लालसर तांबं दिसतं. या डब्यांनाही मागणी आहे, मात्र भाव चांदीच्या डबीचा नाही. अ‍ॅसिड टाकून तपासण्याची घाई कुणालाही करू देऊ नका. त्याचा डाग कायमचा राहतो, आणि शंभर रुपयांच्या चाचणीत शेकडो पौंडांचं नुकसान होतं.

ठसे कसे वाचायचे

एक डबी समोर ठेवूनच हे समजून घेऊ. लांबट चौकोनी, कडा नागमोडी, तळाला ओळीने पाच लहान ठसे. शक्यतो दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रकाश तिरपा पडू द्या.

पहिला ठसा दोन अक्षरांचा, 'एन' आणि 'एम'. हा कारागिराचा, म्हणजे ज्याच्या नावावर माल तपासणीला गेला त्याचा. इंग्लंडमध्ये तो १३६३ पासून सक्तीचा आहे. इथे तो नॅथॅनिएल मिल्स, बर्मिंगहॅमचा सगळ्यात नावाजलेला डबीवाला. दुसरा ठसा चालत्या सिंहाचा, पुढचा पंजा उचललेला. चांदी स्टर्लिंग कसाची आहे याची ती हमी, १५४४ पासूनची. तिसरा नांगर, जहाजाचा. तो बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा. चौथं अक्षर 'आर', जुन्या काळ्या जाड गॉथिक वळणाचं, मोठ्या लिपीतलं. पाचवा ठसा एका स्त्रीच्या डोक्याचा, तोंड डावीकडे.

वर्ष सांगतं ते चौथं अक्षर. लंडनमध्ये ही पद्धत १४७८ पासून आहे. दरवर्षी अक्षर बदलतं, वर्णमाला संपली की अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बदलून नवी फेरी सुरू होते. बर्मिंगहॅमची पहिली फेरी १७७३ ला सुरू झाली, दुसरी लहान लिपीची १७९८ ला, तिसरी गॉथिक मोठ्या लिपीची १८२४ ला. त्या तिसऱ्या फेरीतलं 'आर' म्हणजे १८४०. पहिल्या फेरीतलं 'आर' असतं तर डबी पन्नास वर्षांनी जुनी ठरली असती. म्हणून नुसतं अक्षर कोणतं हे पाहून भागत नाही, त्याचं वळण आणि चौकट तक्त्याशी जुळवावी लागते. शिवाय बर्मिंगहॅमचं अक्षर जुलैत बदलायचं, त्यामुळे जाणकार १८४० न लिहिता १८४०-४१ लिहितात.

पाचवा ठसा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण नवखे लोक तो सोडून देतात. १७८४ मध्ये चांदीच्या वस्तूंवर कर लागला. कर भरल्याची खूण म्हणून राजाचं डोकं उमटवू लागले आणि १८९० मध्ये कर उठला तेव्हा ते थांबलं. तिसरा जॉर्ज, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, तिघांचीही तोंडं उजवीकडे. फक्त सुरुवातीच्या दीड-दोन वर्षांतलं डोकं खोलगट आणि डावीकडे पाहणारं. व्हिक्टोरियाचं डावीकडे. आता हे वर्षाच्या अक्षराशी ताडून पाहा. अक्षर १७७५ सांगतंय आणि शेजारी राजाचं डोकं आहे, तर अक्षर चुकीचं वाचलं आहे किंवा ठसे खोटे आहेत. अक्षर १८२० चं आणि डोकंच नाही, तरी थांबून विचार करायला हवा. आमच्या डबीत १८४० आणि व्हिक्टोरिया, दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

शहरांच्या खुणांपैकी एवढ्या लक्षात ठेवल्या तरी बरंच काम होतं: लंडनचं बिबट्याचं डोकं, शेफील्डचा मुकुट, चेस्टरच्या तीन पेंढ्या आणि तलवार, एडिंबरोचा किल्ला. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावर १८२१ पर्यंत मुकुट होता, नंतर तो गेला. १६९७ ते १७२० या काळात कस वाढवून हजारात सुमारे ९५८ केला होता. तेव्हाच्या डबीवर सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटनचं प्रतीक, आणि मानेशी तुटलेलं सिंहाचं डोकं दिसतं.

बर्मिंगहॅम आणि शेफील्डला स्वतःची कार्यालयं मिळाली ती १७७३ मध्ये. त्यासाठी मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने पार्लमेंटमध्ये मोठी खटपट केली होती. तोवर बर्मिंगहॅमचा माल घोड्यांवर लादून चेस्टरला किंवा लंडनला पाठवावा लागे. वाटेत तो चेपायचा, उशीर व्हायचा, आणि दुसऱ्या कारखान्यातल्या लोकांना नक्षी चोरायची संधी मिळायची. या एका निर्णयाने बर्मिंगहॅमचा छोट्या चांदीचा धंदा उभा राहिला. मिल्ससारखे कारागीर त्यानंतरचे.

पूर्ण ठसे नसलेली प्रत्येक डबी खोटी, असं मात्र समजू नये. १७३८ च्या कायद्याने बऱ्याच बारीक वस्तूंना तपासणीतून सूट दिली होती. त्या यादीत शिंपल्याची किंवा दगडाची झाकणं-तळ असलेल्या तपकिरीच्या डब्यांच्या चांदीच्या कडांचं नाव लिहून ठेवलं आहे. कवडीला चांदीचं झाकण बसवलेली अठराव्या शतकातली डबी फक्त कारागिराच्या ठशावर, कधी त्याच्याहीविना सापडते आणि तरी ती अस्सल असते. तिथे कारागिरीवरून आणि झिजेवरून निर्णय घ्यावा लागतो.

डबी आणि ठसे जुळतात का

आता झाकण उघडा. बर्मिंगहॅमच्या चांगल्या डबीत झाकणाच्या आतही ठसे असतात; सगळे पाच नव्हे, निदान दोन-तीन. ते तळाच्या ठशांशी जुळले पाहिजेत. तळ १८४० चा आणि झाकण १८३५ चं, तर दोन मोडक्या डब्यांची एक झाली आहे. तळाला पूर्ण ठसे आणि झाकण कोरं, शिवाय त्या झाकणावर ठळक किल्ला (अशा डब्यांबद्दल पुढे येईलच), तर माझा हात तिथेच आखडता होतो. कारण झाकण हेच या डबीचं सोनं, आणि साध्या डबीला नवं, नक्षीचं झाकण लावणं हा जुना धंदा आहे.

ठशाकडे भिंगातून पाहताना त्याची कड पाहा. पोलादी ठसा हातोड्याने मारलेला असतो, त्यामुळे चांदी दबते, कड तीक्ष्ण येते आणि खोलगट भाग गुळगुळीत असतो. खऱ्या डबीचा साचा काढून ओतलेल्या नकलेत कडा मेणासारख्या मऊ होतात, खोलगट भागात बारीक रवा किंवा सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. एकाच साच्यातून दोन नकला निघाल्या असतील, तर दोन्हींत ठसे अगदी त्याच जागी, त्याच तिरकेपणाने बसलेले असतात. हाताने मारलेले ठसे दोन डब्यांत कधीच तंतोतंत एकाच जागी येत नाहीत.

दुसरी युक्ती इंग्लंडातले विक्रेते रोज करतात: डबीवर हलकेच तोंडाची वाफ सोडा. क्षणभर ओलसर थर बसतो आणि ज्या ठिकाणी झाळ दिली आहे, तुकडा आत बसवला आहे किंवा तडा भरला आहे, तिथली रेघ वेगळ्या रंगाने उठून दिसते. चमचा किंवा मोडकी वस्तू यांचे अस्सल ठसे कापून दुसऱ्या वस्तूत बसवण्याचा प्रकार अठराव्या शतकापासून चालत आला आहे. ठशांभोवती अशी चौकोनी किंवा गोल रेघ दिसली, की विषय संपला. असं संशयास्पद काम तपासायला लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची, म्हणजे सोनारांच्या जुन्या संघाची, जाणकारांची एक समिती आहे.

शैलीही ठशांशी जुळावी लागते. १७८० ते १८०० च्या डब्यांत लंबगोल किंवा नावेसारखा निमुळता घाट जास्त, आणि त्यांवर बारीक, पैलू पाडल्यागत लखलखणारी कोरीव रेघ. पुढच्या काही दशकांत चौकोनी, भरीव डब्या आणि यंत्रावर फिरवून कोरलेली नियमित जाळी. १८३० नंतर कडा नागमोडी, अंगठ्याच्या उंचवट्यावर फुलं-पानं. अठराव्या शतकातल्या ठशांवर १८४० सालचं वेलबुट्टीचं जड काम असेल, तर नंतरच्या कुणीतरी साधी डबी सजवली आहे. व्हिक्टोरियाच्या काळात ही खोड फार होती. नंतर उठवलेलं काम कधीकधी ठशांवरूनच गेलेलं असतं आणि ते वेडेवाकडे झालेले दिसतात.

बिजागरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चांगल्या डबीची बिजागरी अशी बसवलेली असते, की बंद केल्यावर बाहेरून बोट फिरवलं तरी नख अडकत नाही. झाकण उघडताना सगळ्या लांबीवर सारखा विरोध लागतो आणि मिटताना ते हलक्या आवाजात बसतं. हे काम हातानेच करावं लागे. बिजागरीच्या टोकांशी राखाडी, निस्तेज डाग दिसला, तर कुणीतरी शिशाची झाळ देऊन ती जोडली आहे. शिसं चांदीत खातं, आणि असा जोड नीट उकलणं कुशल कारागिरालाही जड जातं. किंमत तिथे निम्म्यावर येऊ शकते.

मग झाकणाच्या मध्यावर अंगठा ठेवून अगदी हळू दाबा. मध्य दबतो आहे, पत्र्यासारखा वाजतो आहे? मग तिथलं घराण्याचं चिन्ह किंवा नावाची अक्षरं घासून काढलेली आहेत. नवा मालक आला की जुनं चिन्ह पुसत, आणि प्रत्येक वेळी चांदी पातळ व्हायची. कोऱ्या, चकचकीत पट्टीपेक्षा मूळ मालकाची झिजलेली अक्षरं असलेली डबी मला नेहमीच श्रेष्ठ वाटते, आणि बाजारही तसंच मानतो.

किल्ले का महाग

१८२० च्या दशकाच्या अखेरीपासून बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी झाकणांवर वास्तू काढायला सुरुवात केली. विंडसरचा राजवाडा, वॉरिकचा किल्ला, केनिलवर्थचे भग्न बुरूज, कवी बायरनचं न्यूस्टेड अ‍ॅबी, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटचं घर अ‍ॅबट्सफर्ड. देश पाहायला हिंडणारा नवा मध्यमवर्ग तयार होत होता, १८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेही पूर्ण झाली. अशी डबी म्हणजे त्या सहलीची आठवण. संग्राहकांच्या भाषेत या 'कॅसल-टॉप', म्हणजे वर किल्ला असलेल्या, मग वर चर्च असलं तरी.

त्यांत दोन जाती आहेत. एकीत वास्तू उठावाची, पोलादी साच्यात दाबून आणि मग हाताने छिन्नी चालवून आणलेली. दुसरीत ती सपाट झाकणावर फक्त कोरलेली. उठावाची नेहमीच महाग. त्यातही विंडसर आणि वॉरिक भरपूर निघाले, म्हणून सहज मिळतात. क्वचित दिसणारी वास्तू असेल तर तीच डबी कितीतरी पटींनी वर जाते. उठावाचं झाकण पाहताना सगळ्यात उंच जागांकडे बघा. बुरुजाची टोकं, झाडांचे शेंडे, पुढच्या माणसांची डोकी आधी झिजतात. मिल्सच्या न झिजलेल्या झाकणावर खिडक्यांच्या चौकटीसुद्धा मोजता येतात, आणि झाडाची पानं बुरुजाच्या दगडांपेक्षा वेगळ्या हत्याराने केली आहेत हे नुसत्या डोळ्यांना कळतं. पिढ्यान्पिढ्या पॉलिश झालेल्या झाकणावर तेच झाड साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं. ठसे तेच, कारागीर तोच, वर्ष तेच. भाव मात्र तिसरा हिस्सा.

मिल्सखेरीज जोसेफ विलमोर, एडवर्ड स्मिथ, टेलर आणि पेरी, त्याआधीच्या पिढीतले मॅथ्यू लिनवूड आणि सॅम्युएल पेम्बर्टन ही बर्मिंगहॅमची नावं लक्षात ठेवावीत. लंडनमध्ये फिप्स आणि रॉबिन्सन, आणि जॉन लिनिट. लंडनचे कारागीर जड, ओतीव काम करत. शिकारीची दृश्यं आणि कोल्ह्याच्या तोंडाच्या आकाराच्या डब्या तिकडच्या. कोल्ह्याच्या डब्या दुर्मीळ, मागणी प्रचंड, म्हणून नकलाही तितक्याच. तशी डबी स्वस्तात मिळते आहे असं वाटलं, तर वर सांगितलेली प्रत्येक तपासणी दोनदा करा.

कोरलेला मजकूरही किंमत बदलतो. नुसती आद्याक्षरं तटस्थ. मात्र अमुक जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांनी, अमुक वर्षी, अमुक प्रवासानंतर दिलेली भेट असा पूर्ण मजकूर असेल आणि ते जहाज आणि तो माणूस जुन्या कागदपत्रांत सापडत असेल, तर डबीला इतिहास मिळतो आणि भाव चढतो. आयर्लंडमधल्या कॉर्क आणि डब्लिनसारख्या शहरांनी मान्यवरांना नागरिकत्वाचा मान देताना दिलेल्या डब्या या वर्गातल्या सर्वात वरच्या. अर्थात मजकूर नंतर कोरता येतो. जुन्या कोरीव कामाच्या कडा बोटाला मऊ लागतात आणि बारीक ओरखडे त्या अक्षरांच्या वरून गेलेले दिसतात. नवं काम ओरखडे कापत जातं.

भाव ठरवताना

एकाच डबीच्या तीन किमती असतात. दुकानदार मागतो ती, लिलावात हातोडा पडतो ती, आणि विम्यासाठी कागदावर लिहितात ती. विम्याची सर्वात जास्त असते, कारण तशीच डबी दुकानातून पुन्हा घ्यायची तर किती लागतील याचा तो अंदाज. कुणी मूल्यांकनाचा कागद दाखवला, तर तो कोणत्या कामासाठी केला होता हे आधी विचारा.

लिलावातल्या किमतीवर घेणाऱ्याला लिलावगृहाचं कमिशन भरावं लागतं, साधारण चौथा हिस्सा आणि वर त्यावरचा कर. विकणाऱ्याकडूनही वेगळं कमिशन कापतात. म्हणजे घेणारा जे देतो आणि विकणाऱ्याच्या हातात जे पडतं, त्यात मोठी दरी असते. भाव काढायचा तर विक्रेते मागतात ते आकडे सोडून द्या आणि प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या डब्यांचे निकाल पाहा. बहुतेक इंग्रज लिलावगृहं ते जाहीर करतात. तोच कारागीर, तेच दृश्य, जवळचं वर्ष, आणि अवस्था सारखी, असे चार-पाच निकाल मिळाले की अंदाज बसतो.

ढोबळमानाने, यंत्रकोरीव जाळीची, साधी, अनोळखी कारागिराची खिशातली डबी शंभर ते तीनशे पौंडांच्या आसपास जाते. मिल्सचं उठावाचं विंडसर, चांगल्या अवस्थेत, हजाराच्या आगेमागे. दुर्मीळ वास्तू, शिकारीचं ओतीव काम किंवा कोल्ह्याचं तोंड काही हजारांत. चांदीचा भाव वाढला तर पहिल्या गटाला थोडा आधार मिळतो. वरच्या दोन गटांना त्याने जवळपास काही फरक पडत नाही.

भारतात सापडलेली डबी

आपल्याकडच्या जुन्या घरांत आणि बाजारांत अशा डब्या निघतात, आणि त्यातल्या काही इंग्लंडात बनलेल्याच नसतात. कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे ऑर अशा पेढ्या इंग्रज गिऱ्हाइकांसाठी इंग्रजी घाटाच्या वस्तू इथेच बनवत. भारतात तेव्हा सरकारी तपासणीची पद्धत नव्हती, म्हणून या पेढ्या स्वतःच्या नावाशेजारी इंग्रजी ठशांची आठवण करून देणाऱ्या खुणा मारत. हॅमिल्टनच्या मालावर हत्ती दिसतो. ही फसवणूक नव्हे, आणि अशा कामाचे वेगळे संग्राहक आहेत. फक्त इंग्रजी तक्त्यात ते ठसे शोधत बसलात तर सापडणार नाहीत.

कायद्याची बाजू विकण्याआधीच पाहावी. भारतात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. एखादी वस्तू त्या व्याख्येत बसत नसेल, तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. इंग्लंडात राहणाऱ्या मुलाकडे आजोबांची डबी परस्पर कुरिअरने धाडण्याचा विचार म्हणून नको. डबीत कासवाची पाठ किंवा हस्तिदंत जडवलेलं असेल, तर वन्यजीव कायदेही लागू होतात. ब्रिटननेही हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर २०१८ चा कायदा करून, २०२२ पासून तो अमलात आणून जवळपास पूर्ण बंदी घातली आहे.

घरी ठेवायची असेल तर रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उठते आणि ती सहज जात नाही. बुडवून साफ करायची द्रावणं टाळा. ती नक्षीच्या खोबणीतली जुनी काळसर छटा खाऊन टाकतात आणि उठाव मेल्यासारखा दिसतो. आतल्या मुलाम्याला तर हातच लावू नका, तो पुन्हा चढवला की जाणकाराला एका नजरेत कळतं. वर्षातून एकदा मऊ सुती कापड, तेही ठशांवर न घासता, पुरेसं आहे. आणि डबी कुणाकडे पारखायला देण्याआधी तळ, झाकणाची आतली बाजू, बिजागरी आणि उंच कोपरे यांचे जवळून, तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा. जाणकार आधी तेच मागतो.